जानेवारीत गुलमर्ग : मुलीला स्कीइंग शिकायचे आहे, सोबत ज्येष्ठ मंडळीही आहेत, नियोजन कसे करावे?

मुलुंडवासी :

नमस्कार. येत्या जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही पाच जण गुलमर्गला जाण्याच्या विचारात आहोत. मी, यजमान, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूसासरे. मुलगी नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी असल्यामुळे हिवाळ्यात मोठा प्रवास शक्य होणार नाही, म्हणून हे वर्ष चुकवायचे नाही असे ठरवले आहे. ती पाच वर्षे रोलर स्केटिंग करते आणि तिला स्कीइंग शिकण्याची मनापासून इच्छा आहे. नुसता बर्फ बघून छायाचित्रे काढून परत यायचे नाही, असे तिने आम्हाला स्पष्ट सांगितले आहे.

एका सहल आयोजकाने सात रात्रींचा कार्यक्रम दिला आहे. त्यात श्रीनगरला तीन रात्री, पहलगामला दोन, गुलमर्गला एक, पुन्हा श्रीनगरला एक आणि मधल्या एका दिवशी सोनमर्गची फेरी आहे. गुलमर्गला एकच रात्र पुरेल का, ही माझी पहिली शंका. दुसरे म्हणजे, कार्यालयातील एका सहकाऱ्याने उत्तराखंडमधील औली सुचवले आहे. तिथे खर्च कमी येतो आणि गर्दीही कमी असते, असे त्याचे म्हणणे आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडले त्यानंतर घरात थोडी काळजीही आहे.

सासरे ७१ वर्षांचे आहेत आणि तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. सासूबाई मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. दोघेही रोज सकाळी तलावाभोवती चालतात, परंतु मुंबईत पारा १६ अंशांवर उतरला की आमच्या घरी स्वेटर निघतात, हेही खरे. या दोघांना सोबत नेणे योग्य ठरेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कांदिवलीकर :

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे. मुलीला स्कीइंग शिकायचे असेल, तर आयोजकाने दिलेला कार्यक्रम बाजूला ठेवा. मी गुलमर्गला तीन हिवाळे गेलो आहे आणि पहिल्या वेळी नेमका असाच कार्यक्रम स्वीकारण्याची चूक केली होती. श्रीनगरहून सकाळी निघून टंगमर्गला पोहोचेपर्यंत साडेदहा वाजले. तिथे चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीसाठी दीड तास थांबावे लागले. वर पोहोचून भाड्याचे बूट पायात चढेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते आणि चार वाजता ऊन डोंगराआड गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खोली सोडायची होती. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला जेमतेम उभे राहता येऊ लागले आणि आम्ही परत निघालो. परतीच्या वाटेवर तो एक शब्दही बोलला नाही.

श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे आणि कागदावर ते दीड-दोन तासांचे दिसते. शेवटचे १३ किलोमीटर, म्हणजे टंगमर्गपासूनचा घाट, हिवाळ्यात सगळे गणित बदलून टाकतो. हिमवर्षाव चालू असेल तर साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती असणाऱ्या गाड्यांनाच वर सोडतात आणि रस्ता साफ होईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे श्रीनगरला मुक्काम ठेवून रोज ये-जा करून स्कीइंग शिकणे व्यवहार्य नाही. मुक्काम गुलमर्गलाच हवा आणि तो किमान पाच रात्रींचा हवा.

पाच रात्री का, तेही सांगतो. नवशिक्याचा पहिला दिवस बूट, तोल आणि पडल्यावर उठणे यांत जातो. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवायची, म्हणजे पाचरीचा आकार करून वेग कमी करायचा आणि थांबायचे, हे जमू लागते. याच दिवशी मांड्या इतक्या दुखतात की तिसऱ्या सकाळी मूल कंटाळते. तो दिवस ओलांडला की चौथ्या दिवशी वळणे येतात आणि स्कीइंगचा खरा आनंद सुरू होतो. म्हणजे सलग चार सकाळी हव्यात. पाचवा दिवस हवामानासाठी राखून ठेवायचा, कारण एखादा दिवस जोरदार हिमवर्षावामुळे किंवा दाट धुक्यामुळे हमखास वाया जातो. तुमच्या मुलीला स्केटिंगमुळे तोल सांभाळण्याची सवय आहे, त्यामुळे ती कदाचित लवकर पुढे जाईल. मात्र स्केटवर थांबण्याची रीत वेगळी असल्याने ती सवय पहिल्या दिवशी आड येऊ शकते, हे तिला आधीच सांगून ठेवा.

शिकण्याची जागा गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, वरच्या टोकाला असते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. नवशिक्यांचे सौम्य उतार खाली, गुलमर्गच्या कुरणातच आहेत. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, तोच खोलगट भाग हिवाळ्यात बर्फाने भरतो. याचा तुम्हाला आणखी एक लाभ आहे. मुलगी शिकत असताना आजीआजोबांना उताराच्या कडेला खुर्ची टाकून किंवा जवळच्या उपाहारगृहाच्या काचेमागे बसून ती पाहता येईल.

गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटर उंचीवरून कोंगडोरीपर्यंत जातो, जिथे उंची ३,००० मीटरच्या थोडी वर आहे. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. दुसऱ्या टप्प्यावरचे उतार निष्णात स्कीपटूंसाठी आहेत. वारा वाढला किंवा हिमस्खलनाचा धोका असला की हा टप्पा बंद ठेवतात. तिकिटे केबल कार महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आगाऊ काढावीत, दारात उभे राहून तिकीट मिळवून देतो असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. पाच रात्री असतील तर आकाश निरभ्र दिसेल त्या दिवशी वर जाता येते. एका रात्रीच्या मुक्कामात त्या एका सकाळी वारा सुटला, की सगळेच संपले.

सुरक्षिततेविषयी म्हणाल, तर पहलगामच्या त्या घटनेनंतर प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळे बंद केली होती आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने उघडली. निघण्यापूर्वी जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाची ताजी सूचना पाहावी आणि आरक्षण रद्द करता येण्याजोगे असावे, इतके मी नक्की सुचवीन.

गिरिवाट :

औलीविषयी लिहितो, कारण माझे स्वतःचे शिक्षण तिथेच झाले. गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंग वर्ग तिथे चालतात. शिस्तीने आणि माफक खर्चात शिकायचे असेल, तर ती उत्तम सोय आहे. सकाळी समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर उजळते आणि तुम्ही त्याच्याकडे तोंड करून उतारावर उभे असता, हे सुख गुलमर्गला नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धाही औलीत झाल्या होत्या.

असे असूनही तुमच्या कुटुंबासाठी मी औली सुचवणार नाही. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर आहे. जोशीमठाचे नाव आता अधिकृतपणे ज्योतिर्मठ झाले आहे. हा सगळा घाटरस्ता असून, त्यात पूर्ण दिवस जातो. मुंबईहून डेहराडूनला विमानाने गेलात तरी वर पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो आणि परतीलाही तितकाच वेळ लागतो. म्हणजे तुमच्या आठ दिवसांतले चार प्रवासातच संपतील. जोशीमठ ते औली हा रोपवे पूर्वी मोठा आधार होता, परंतु जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तो बंद करण्यात आला. त्यामुळे बर्फाळ रस्त्याने गाडीनेच वर जावे लागते. ७१ वर्षांच्या गृहस्थांना हृदयविकाराच्या इतिहासासह इतका प्रवास घडवावा, असे मला वाटत नाही. सुसज्ज रुग्णालयही तिथून फार लांब आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला एकटीला औलीच्या चौदा दिवसांच्या वर्गाला अवश्य पाठवा.

आता तारखांविषयी. कांदिवलीकरांनी दिवसांचे गणित उत्तम मांडले आहे, त्याला मी बर्फाच्या अनिश्चिततेची जोड देतो. काश्मिरी लोक हिवाळ्याच्या गाभ्याला ‘चिल्ले कलान’ म्हणतात. २१ डिसेंबरपासून पुढचे ४० दिवस त्याचे मानले जातात. त्यानंतर २० दिवसांचे ‘चिल्ले खुर्द’ आणि १० दिवसांचे ‘चिल्ले बच्चा’ येते. जुन्या हिशेबाने चिल्ले कलानमध्ये पडलेला बर्फ टिकतो आणि पुढे स्कीइंगला भरभक्कम थर मिळतो. परंतु हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांवर अवलंबून असतो आणि अलीकडे त्यांचे वेळापत्रक पूर्वीसारखे राहिलेले नाही. जानेवारी २०२४ चे पहिले तीन आठवडे गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. ज्यांनी महिनाभर आधी पैसे भरले होते, त्यांना तपकिरी गवत पाहून परतावे लागले. महिनाअखेरीस बर्फ पडला आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथेच पार पडल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, बर्फ अपुरा म्हणून त्याच स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या ९ ते १२ मार्चला झाल्या.

म्हणून माझा आग्रह असा, की शक्य असल्यास फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडावा. तोपर्यंत बर्फ साचण्यास अधिक अवधी मिळतो, दिवस थोडा मोठा होतो आणि थंडीची धारही जरा बोथट होते. शाळेची अडचण असेल, तर २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून निघावे. सहलीच्या दहा दिवस आधीपासून हवामान विभागाचा श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज पाहावा, त्याने तयारीला दिशा मिळते.

पार्ल्याचा वैद्य :

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, परंतु सासऱ्यांना तपासलेले नसल्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण समजावा आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा निर्णयच अंतिम मानावा.

उंचीपेक्षा मला थंडीची चिंता अधिक वाटते. २,६५० मीटरवर बहुतेकांना थोडी डोकेदुखी आणि झोपमोड यापलीकडे त्रास होत नाही. थंडीत मात्र त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात बर्फातून चालणे हे साध्या चालण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे असते. मुंबईच्या नोंदीतील सर्वांत थंड दिवस २२ जानेवारी १९६२ चा असून, त्या दिवशी पारा ७.४ अंशांवर आला होता. गुलमर्गला जानेवारीत उणे आठ-दहाची रात्र ही रोजची गोष्ट आहे. आपल्या शरीराला याचा काहीच सराव नाही. निघण्यापूर्वी महिनाभर आधी तज्ज्ञांकडून तपासणी आणि त्यांना योग्य वाटल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. पहिली रात्र श्रीनगरला, सुमारे १,६०० मीटरवर काढावी. परवानगी मिळाली तरी सासऱ्यांनी गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावरच थांबावे. काही मिनिटांत जवळजवळ ४,००० मीटरवर पोहोचणे त्यांच्यासाठी टाळलेलेच बरे. छातीत जडपणा, दम किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर थांबून वाट पाहू नये, तत्काळ खाली उतरावे.

सासूबाईंच्या इन्सुलिनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आपण मुंबईत इन्सुलिन उष्णतेपासून जपतो, तिथे ते गोठण्यापासून जपावे लागते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरता येत नाही, कारण त्याची परिणामकारकता भरवशाची राहत नाही. त्यामुळे ते विमानात सामानकक्षात द्यायच्या पेटीत ठेवू नये, हातातील पिशवीतच ठेवावे. बाहेर फिरताना अंगालगतच्या खिशात ठेवावे, तर रात्री खिडकीजवळ ठेवू नये. जादा साठा दोन ठिकाणी विभागून न्यावा. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचा आकडा दाखवतो किंवा चालतच नाही, म्हणून तपासणी उबदार खोलीत करावी. थंडीत साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे थरथर आणि थकवा, हे थंडीचेच परिणाम वाटून दुर्लक्षित होतात. त्यांच्या खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात आणि मुलीलाही ही लक्षणे समजावून सांगावीत.

खोली गरम करण्यासाठी लाकडाची बुखारी (शेगडी), गॅसचा हीटर किंवा कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) असेल, तर झोपण्यापूर्वी ती विझवावी आणि हवा खेळण्यासाठी फट ठेवावी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. आरक्षण करताना खोलीत केंद्रीय उष्णता व्यवस्था किंवा विजेचे गरम अंथरूण आहे का, हे विचारूनच पैसे भरा. ज्येष्ठांसाठी खोली तळमजल्यावर मागा.

मुलुंडवासी :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व प्रतिसाद मी घरी वाचून दाखवले. पहलगाम आणि सोनमर्ग वगळून पहिली एक रात्र श्रीनगरला, पाच रात्री गुलमर्गला आणि शेवटची रात्र पुन्हा श्रीनगरला, असे ठरवत आहोत. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला शिकताना बघायचंय, बाकी काश्मीर नंतर बघू.” सासऱ्यांसाठी पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. ते नाही म्हणाले, तर दोघेही श्रीनगरलाच राहतील आणि यजमान त्यांच्यासोबत थांबतील. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यासाठी वर्गशिक्षिकांशी बोलणार आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. गरम कपडे आणि बूट मुंबईहून विकत न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत? आणि प्रशिक्षक कसा निवडावा? मागे एकदा दुसऱ्या एका थंड हवेच्या ठिकाणी गाडीतून उतरताच दहा जणांनी घेरले होते आणि गोंधळात आम्ही दुप्पट पैसे मोजले होते.

हिंदू कॉलनी :

मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गुलमर्गला स्की शिकले. त्या आठवड्याने मला जे दिले, ते तुमच्या मुलीलाही मिळावे, अशी फार इच्छा आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

अंगालगतचे कपडे विकत घ्या आणि वरचे भाड्याने घ्या. थर्मल, लोकरीचे पायमोजे आणि हातमोजे आपले स्वतःचे हवेत. बर्फाचा जॅकेट-पायजमा आणि गमबूट टंगमर्ग व गुलमर्ग दोन्हीकडे भाड्याने मिळतात. आत सुती बनियन घालू नये. स्कीइंग करताना आपण समजतो त्याहून अधिक घाम येतो, सूत तो धरून ठेवते आणि थांबताच अंग गार पडते. हातमोज्यांच्या दोन जोड्या न्याव्यात, कारण पडून पडून एक जोडी दुपारपर्यंत भिजते. डोळ्यांना अतिनील किरण रोखणारा गॉगल अनिवार्य समजा. ताजा बर्फ हे किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो आणि ढगाळ दिवशीही डोळे सुजतात. सनस्क्रीन हनुवटीच्या आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावावे, कारण तिथे ऊन खालून येते. इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून निदान एक पोस्टपेड जोडणी सोबत असू द्या.

प्रशिक्षकासाठी घाई करू नका. पर्यटन विभागाकडे नोंदणी असलेल्या प्रशिक्षकाकडे ओळखपत्र असते, ते पाहण्यास संकोच करू नये. तासाचा की दिवसाचा दर, त्यात साहित्याचे भाडे धरले आहे की नाही आणि एका वेळी किती विद्यार्थी, या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत ठरवाव्यात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था गुलमर्गलाच आहे. तिच्या वर्गांच्या तारखा तुमच्या तारखांशी जुळत असतील, तर तो पर्याय आधी पाहा. गाडीभोवती होणाऱ्या गर्दीवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे पहिल्या दिवशी काहीही न ठरवणे. पाच रात्री आहेतच. दुपारी उतारावर जाऊन उभ्या राहा. कोण मुलांशी शांतपणे बोलतो, कोण पडलेल्याला स्वतः उठायला शिकवतो आणि कोण नुसता हात धरून ओढत नेतो, हे अर्ध्या तासात कळते. मी माझे प्रशिक्षक असेच निवडले. ते वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि मी चौथ्या दिवशी पहिले पूर्ण वळण घेतले, तेव्हा त्यांना माझ्याइतकाच आनंद झाला होता.

मुलगी चांगली शिकू लागली की एखादा उत्साही माणूस तिला आखलेल्या उताराबाहेर, झाडांमधून नेण्याची गोष्ट काढील. याला ठाम नकार द्या. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या अशाच भागांत हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचे प्राण गेले आहेत आणि ते नवशिके नव्हते.

शेवटी बुटांविषयी, कारण नवशिक्यांचे सर्वाधिक हाल तिथेच होतात. स्कीचे बूट कडक असतात आणि घट्टच बसायला हवेत. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत आणि टाच मात्र अजिबात उचलली जाऊ नये. सैल बूट आरामदायी वाटतो, पण त्यात पाय वळला तरी स्की वळत नाही. आत एकच पातळसर लांब मोजा घालावा. दोन मोजे घातले की रक्त अडते आणि पाय उलट अधिक गार पडतात. स्कीला बूट अडकवण्याची जी कळ असते, ती पडल्यावर आपोआप सुटावी यासाठी वजन, उंची, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून जुळवावी लागते. आधीच्या माणसाने ठेवलेल्या जुळणीवर मुलीला पाठवू नका. ती कळ सुटली नाही तर सगळा पीळ गुडघ्याच्या स्नायुबंधांवर येतो. दुकानदाराला मुलीचे नेमके वजन सांगा, ते किलोमध्ये लिहून न्या आणि कळ तुमच्यासमोर जुळवून घ्या. हेल्मेटही तिथेच मागा, दिले नाही तर दुसऱ्या दुकानात जा. आणि आजपासूनच तिला इमारतीचे जिने चढउतार करायला सांगा. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे एक मिनिट थांबणे हा व्यायामही रोज चार वेळा करू द्या, तिसऱ्या दिवशीच्या मांड्या तिचे आभार मानतील.